अमेरिकेत किराणा-फार्मसीचं साप्ताहिक पत्रक पोस्टाने घरोघरी पाठवायचं आहे, कुठे चुकतं?

वाणसामान_टेक्सास

नमस्कार मंडळी,

डॅलसच्या उत्तरेकडच्या उपनगरात भारतीय किराणा दुकान आहे आणि त्याच छताखाली छोटी फार्मसी. जाहिरात आतापर्यंत व्हॉट्सॲप ग्रुप आणि काउंटरवरचा कागद एवढीच. मोठ्या साखळी दुकानांची छापील पत्रकं जशी दर आठवड्याला प्रत्येक पेटीत येतात, तसं आजूबाजूच्या साधारण 2,500 घरांत पाठवायचा विचार आहे. नावांची यादी नाही. पोस्टाचं परमिट नाही. सेल बुधवार ते मंगळवार असतो.

कागद किती जाड, किती मोठा घ्यायचा? पोस्टात नेमकं काय घेऊन जायचं? पत्रक सेल सुरू व्हायच्या आधी सगळ्यांकडे पोहोचेल हे कसं जमवायचं? आणि जाहिरातीतल्या भावांबद्दल, फार्मसीच्या ऑफरबद्दल कायद्याच्या काही अटी आहेत का? ज्यांना या कामाची माहिती आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावं.

---

गठ्ठा_आणि_झिप

तुमच्या आकड्याला पोस्टाची एव्हरी डोअर डायरेक्ट मेल म्हणजे ईडीडीएम ही योजना बसते, तीसुद्धा तिचा रिटेल प्रकार. नावं नकोत, पत्ते नकोत, परमिट नको. एका झिपमध्ये (झिप म्हणजे आपल्या पिनकोडसारखा पोस्टाचा विभाग) एका दिवशी कमीत कमी 200 आणि जास्तीत जास्त 5,000 नग चालतात.

पोस्टाच्या संकेतस्थळावर नकाशा आहे. दुकानाचा पत्ता टाकला की भोवतालचे पोस्टमनचे रूट दिसतात. सी ने सुरू होणारा शहरी रूट, आर ग्रामीण, बी म्हणजे पोस्ट बॉक्स. प्रत्येक रूटवर किती घरं, किती व्यवसाय हे लिहिलेलं असतं. वय, उत्पन्न, घरातली माणसं यांवरून गाळताही येतं. फक्त घरं घ्यायची की घरं आणि व्यवसाय दोन्ही, हे तुम्ही ठरवता. पण रूट घेतला की पूर्ण घ्यावा लागतो. त्यातली अर्धी गल्ली आवडली म्हणून तेवढीच निवडता येत नाही. त्यामुळे 2,500 हा आकडा विसरा. चार किंवा पाच रूट निवडा आणि बेरीज जी येईल ती छापा.

निवडताना एक गोष्ट बारकाईने पाहा: हे रूट कोणत्या पोस्ट ऑफिसातून निघतात. पत्रकं थेट त्या ऑफिसात नेऊन द्यायची असतात, तुमच्या जवळच्या ऑफिसात नाही. दोन झिपचे रूट घेतले आणि ते दोन वेगळ्या ऑफिसांतून निघत असले, तर ऑर्डर दोन होतात आणि फेऱ्याही दोन.

गठ्ठे 50 ते 100 नगांचे बांधायचे. एका गठ्ठ्यात एकाच रूटचे नग. प्रत्येक गठ्ठ्यावर फेसिंग स्लिप लावायची: झिप, रूट क्रमांक, या गठ्ठ्यात किती नग, रूटच्या एकूण किती गठ्ठ्यांपैकी हा कितवा. 612 घरांचा रूट असेल तर 100 चे सहा आणि 12 चा सातवा असं करू नका. 12 चा गठ्ठा ट्रेमध्ये बाजूला सरकून राहतो. 87 आणि 88 चे सात करा. रबरबँड दोन लावा, एक आडवं, एक उभं. एकच लावलं की चकचकीत कागद मधून घसरतो, गठ्ठा पंख्यासारखा उघडतो आणि काउंटरवर पुन्हा मोजत बसावं लागतं.

स्लिपा आणि टपालाचा तपशील लिहायचा 3587 क्रमांकाचा फॉर्म ऑनलाइन ऑर्डर केली की तिथूनच छापता येतो. पैसे ऑनलाइन भरा किंवा काउंटरवर. प्रति नग दर वर्षात एक-दोनदा बदलतो, म्हणून ऑर्डरच्या दिवशी नकाशात दिसेल तोच धरा. गेल्या खेपेच्या पावतीवरून हिशेब करू नका.

घरांची संख्याही बदलते. नवीन अपार्टमेंट उघडलं की रूटवर एकदम शंभर घरं वाढतात. छापायला द्यायच्या दिवशी आकडा पुन्हा पाहा आणि प्रत्येक रूटमागे 20-25 प्रती जास्त घ्या. रूट पुरा पडला नाही तर काउंटरवरच अडतं.

---

घडीचा_कागद

छपाईच्या बाजूने लिहितो. पहिली चूक आकारात होते. ईडीडीएमला पत्रक 'फ्लॅट' या वर्गात बसावं लागतं. म्हणजे लांबी साडेदहा इंचांपेक्षा जास्त, किंवा उंची 6.125 इंचांपेक्षा जास्त, किंवा जाडी पाव इंचापेक्षा जास्त. तिन्हींपैकी एक पुरे. वरची मर्यादा 15 बाय 12 इंच, जाडी पाऊण इंच, वजन 3.3 औंस.

लोक साडेआठ बाय अकराचा कागद छापतात, मध्ये दुमडतात आणि घेऊन जातात. दुमडल्यावर तो साडेआठ बाय साडेपाच होतो आणि तिन्ही अटींत नापास होतो. न दुमडता न्यावा तर लांबीत पास होतो, पण मग जाडी आडवी येते. कमीत कमी 0.007 इंच लागते आणि 80 पौंडी ग्लॉस टेक्स्टचा (पातळ चकचकीत कागदाचा) एक ताव साधारण 0.004 इंच भरतो. एकेरी पान हवं असेल तर 100 पौंडी कव्हर (कार्डासारखा जाड कागद) घ्या.

तुमच्यासारख्या दुकानाला माझ्या मते 11 बाय 17 चा 80 पौंडी टेक्स्ट, एकदा दुमडून साडेआठ बाय अकरा, हेच बरोबर. चार पानं मिळतात, घडीमुळे जाडी दुप्पट होते, वजन अर्धा औंस. असे दोन ताव एकात एक घातले तर आठ पानं आणि एक औंस. मर्यादेच्या खूप आत.

पत्त्याच्या जागी 'लोकल पोस्टल कस्टमर' एवढंच छापायचं. उजव्या कोपऱ्यात तिकिटाच्या जागी ठरावीक मजकुराची चौकट, तिला इंडिशिया म्हणतात. तिच्यात ईडीडीएम रिटेल हे शब्द हवेतच. पोस्टाच्या साइटवर चौकट तयार मिळते, तीच उचला. हातात पत्रक धरलं की घडी उजवीकडे आणि पत्ता वरच्या अर्ध्या भागात, असं ठेवलं की काउंटरवर वाद होत नाही. हा भाग पूर्ण पांढरा सोडा. कोथिंबिरीच्या फोटोवर काळी चौकट छापली की ती वाचता येत नाही.

दुसरी चूक भावाच्या आकड्यांत. पिवळ्या पट्टीवर लाल आकडा सुंदर दिसतो, पण त्या खालचं '1 पौंड' किंवा 'कार्ड असल्यास' हे सहा पॉइंटचं अक्षर चार रंगांच्या मिश्रणातून काढलं तर रंग केसभर सरकले तरी फरपटतं. बारीक मजकूर नेहमी फक्त काळ्या शाईत. चारी बाजूंना एक अष्टमांश इंच ब्लीड (कापायच्या रेषेबाहेर वाढवलेली छपाई), आणि घडीच्या रेषेवर एकही भाव नको. प्रूफ (छपाईआधीचा नमुना) पडद्यावर पाहू नका. कागदावर काढून दुमडा आणि हातभर लांब धरून वाचा.

---

तारीख_वार

सगळ्यात अवघड भाग तारखेचा आहे, आणि त्यावर फारसं कोणी बोलत नाही. साप्ताहिक पत्रकाचं आयुष्य सात दिवसांचं. पोस्ट मात्र या वर्गाच्या टपालाला तारखेची हमी देत नाही. म्हणून हिशेब मागून पुढे करायचा.

सेल बुधवारी सुरू. पत्रक मंगळवारपर्यंत घरात हवं. वाटप करणाऱ्या ऑफिसात थेट नेऊन दिलं की बहुतेक वेळा एक ते तीन टपालदिवस लागतात. म्हणजे शुक्रवारी सकाळी द्या. शनिवार, सोमवार, मंगळवार असे तीन दिवस हाताशी राहतात. गठ्ठे गुरुवारी बांधायचे, म्हणून छपाई गुरुवारी दुकानात हवी. छपाईला आणि आणण्याला पाच कामाचे दिवस धरले तर प्रूफवर सही त्याच्या आदल्या गुरुवारी. आणि भाव पक्के करायचे त्याहून दोन दिवस आधी, मंगळवारी. म्हणजे सेल सुरू व्हायच्या पंधरा दिवस आधी.

यातून एक गोष्ट आपोआप ठरते: पंधरा दिवस आधी ज्याचा भाव माहीत नाही ती वस्तू पहिल्या पानावर घालू नका. भेंडी, कढीपत्ता, आंब्याची पेटी यांचे घाऊक भाव आठवड्यात पालटतात. पहिलं पान तूरडाळ, बासमती, आटा, तूप अशा मालाला द्या, जो गोदामात येऊन पडला आहे किंवा ज्याचा भाव घाऊकवाल्याने लेखी दिला आहे. भाजी हवीच असेल तर 'या आठवड्याची भाजी दुकानात पाहा' अशी चौकट ठेवा आणि खरा भाव व्हॉट्सॲपवर टाका. दोन्ही माध्यमांना आपापलं काम मिळतं.

शनिवारीच पत्रक मिळालेलं गिऱ्हाईक रविवारी येणार आणि तो भाव मागणार. हे होणारच. तारीख पहिल्या पानाच्या माथ्यावर वारासकट, भावाच्या आकड्याइतक्या मोठ्या अक्षरात छापा. आणि कॅशियरला आधीच सांगून ठेवा की रविवारी मागितला तर द्यायचा की नाही. एक कॅशियर देतो, दुसरा नाही म्हणतो, यात भांडणं होतात.

सोमवारी सरकारी सुट्टी असेल तर एक दिवस गेला आणि मंगळवारी टपालाचा ढीग. त्या आठवड्यात गुरुवारीच नेऊन द्या. निवडणुकीचे दिवस त्याहून वाईट. राजकीय टपालाला लाल टॅग असतो आणि ते रखडू नये याकडे ऑफिसात सगळ्यांचं लक्ष असतं. पायी फिरणाऱ्या रूटवर पोस्टमन असं सरसकट टपाल वेगळा गठ्ठा म्हणून हातात घेतो. त्याच दिवशी दुसरी सरसकट जाहिरात आली तर एक उद्यावर जाऊ शकते. 2026 मध्ये लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला आहे आणि मध्यावधी निवडणूक 3 नोव्हेंबरला. म्हणजे तुमचं फराळाच्या सामानाचं पत्रक नेमकं त्याच गर्दीत सापडणार. त्या खेपेला सेल दोन आठवड्यांचा करा आणि ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यातच पोस्टात द्या.

भावांबद्दलचे नियम थोडक्यात. किराणा दुकानांसाठी फेडरल ट्रेड कमिशनचा वेगळा नियम आहे, केंद्राच्या नियमसंग्रहातला 16 सीएफआर भाग 424. जाहिरातीत दिलेली वस्तू जाहिरातीच्या काळात दुकानात असली पाहिजे. माल मर्यादित असेल तर तसं जाहिरातीतच स्पष्ट लिहायचं. अंदाजाने पुरेसा माल वेळेत मागवलेला होता आणि तरी संपला, तर ते चालतं, पण मागवल्याचा कागद जपून ठेवा. नाहीतर रेनचेक (माल आल्यावर त्याच भावात देण्याची चिठ्ठी) द्या, त्याच तोलाची दुसरी वस्तू त्या भावात द्या, किंवा तेवढ्याच किमतीची भरपाई. रेनचेकचं छोटं पुस्तक काउंटरवर ठेवलं की निम्मे वाद तिथेच मिटतात: वस्तू, भाव, किती नग, कधीपर्यंत.

'एकावर एक मोफत' लिहायचं आणि पहिल्याचा भाव चढवायचा, हे मोफत शब्दाच्या नियमात बसत नाही. 'आधी 14.99, आता 9.99' लिहायचं तर 14.99 ला ती वस्तू खरोखर बऱ्यापैकी काळ विकायला ठेवलेली हवी. आणि ईबीटीवर (सरकारी अन्नमदतीच्या कार्डावर) घेणाऱ्यांना वेगळा भाव, कमी किंवा जास्त, छापू नका. स्नॅप या अन्नमदत योजनेच्या नियमाप्रमाणे त्यांना इतर गिऱ्हाइकांसारखंच वागवायचं असतं.

मंगळवारी रात्री दुकान बंद झाल्यावर पत्रक हातात घेऊन प्रत्येक वस्तू स्कॅन करून पाहा. वजनमापवाले तपासायला आले तर ज्या नमुना नियमावर बरीच राज्यं चालतात त्यात 98 टक्के अचूकता लागते. 100 वस्तूंत तीन चुकल्या की नापास. नेहमी चुकते ती एकच जागा: चार पौंडाच्या पिशवीचा भाव बदलला, दहा पौंडाचा राहिला.

---

वाणसामान_टेक्सास

सगळ्यांचे मनापासून आभार. 15 दिवसांचा हिशेब डोक्यातच आला नव्हता. तीन शंका राहतात. दर आठवड्याला पाठवणं परवडतं का? कोणी 'आम्हाला पाठवू नका' म्हणालं तर काय? आणि उरलेल्या प्रती मुलांनी जाता जाता पेट्यांत टाकल्या तर चालेल का?

---

गठ्ठा_आणि_झिप

शेवटच्या शंकेचं उत्तर आधी: अजिबात नाही. पोस्टेज न भरलेला कागद घराच्या टपालपेटीत टाकणं हा फेडरल गुन्हा आहे, 18 यूएससी 1725. पेटीच्या दांड्याला अडकवणं, फटीत खोचणं, हेही टाळा. दाराच्या मुठीला अडकवलेलं पत्रक चालू शकतं, पण गावाचा आणि सोसायटीचा नियम आधी पाहा. उरलेल्या प्रती पिशवीत घाला. जे गिऱ्हाईक आलंय त्याला पुढच्या फेरीसाठी कारण मिळतं.

परवडण्याचं गणित कागदावर मांडा. धरा की छपाई आणि पोस्टेज मिळून नगाला 50 सेंट. 2,500 नगांचे 1,250 डॉलर. एका जास्तीच्या गिऱ्हाइकामागे सेलचे भाव धरून हातात 12 डॉलर राहतात असं समजा. खर्च निघायला 105 जास्तीची बिलं लागतात, म्हणजे 100 घरांमागे चारांहून थोडी अधिक. दर आठवड्याला एवढी येतील असं धरणं धाडसाचं आहे. तुमचे खरे आकडे घालून पाहा, पण सुरुवातीला दर आठवड्याला सगळीकडे पाठवण्यापेक्षा रूट आलटून पालटून घ्या: या आठवड्यात दोन, पुढच्यात दुसरे दोन. प्रत्येक घराला महिन्यातून दोनदा मिळतं, दुकानाची लय साप्ताहिक राहते.

मोजायचं असेल तर प्रत्येक रूटच्या पत्रकावर कुपनचा वेगळा आकडा छापा. रूट 12 ला 5012, रूट 19 ला 5019. फक्त काळ्या शाईत बदल असेल तर छापखान्याला ते सोपं जातं. दोन महिन्यांत कळतं की कोणता रूट सोडायचा. अपार्टमेंटचे रूट बहुधा आधी गळतात, कारण टपालखोलीतच कचऱ्याची टोपली असते आणि पत्रक वर जातच नाही.

---

घडीचा_कागद

वरच्या मुद्द्याशी थोडा असहमत आहे. आलटून पालटून पाठवलं की छपाई कमी नगांची होते आणि नगामागे खर्च वाढतो; मशीन लावण्याचा खर्च 1,200 प्रतींना आणि 2,500 प्रतींना जवळपास सारखाच. त्यापेक्षा महिन्यातून दोनदा सगळ्या रूटना एकदम पाठवा आणि एका पत्रकात दोन आठवड्यांचे दोन सेल छापा, डावीकडे पहिला, उजवीकडे दुसरा. मात्र मग दुसऱ्या सेलचे भाव तीन आठवडे आधी पक्के करावे लागतात. डाळ-तांदळाला जमेल, बाकी मालाला नाही.

---

गठ्ठा_आणि_झिप

हे मान्य. कोरड्या मालासाठी तुमचा मार्ग बरा.

'पाठवू नका' म्हणणाऱ्यांबद्दल: ईडीडीएममध्ये एक घर वगळता येत नाही, कारण पत्रकावर पत्ताच नसतो आणि पोस्टमनला रूटवरच्या प्रत्येक पेटीत टाकायचं असतं. फोन आला तर नम्रपणे हे सांगा. 'यादीतून काढतो' असं खोटं आश्वासन देऊ नका. खरोखर काढायची सोय हवी असेल तर परमिट घेऊन पत्त्यांच्या यादीवर पाठवावं लागतं. तिथे सॅच्युरेशनच्या (रूटवरच्या जवळपास सगळ्यांना पाठवण्याच्या) सवलतीच्या दरासाठी रूटवरची 90 टक्के चालू घरं, किंवा घरं आणि व्यवसाय मिळून 75 टक्के, एवढं पुरतं. त्यामुळे नको म्हणणाऱ्यांना सोडूनही सवलतीचा दर टिकतो. यादी मात्र पोस्टमनच्या चालण्याच्या क्रमाने लावलेली लागते आणि ती विकत घ्यावी लागते. मोठ्या साखळ्या यातलंच काही करतात, किंवा बऱ्याच दुकानांची पत्रकं एका वेष्टनात घालून पाठवणाऱ्या कंपनीकडे जागा घेतात.

अजून एक: जे लोक सकाळी पोस्टाच्या इन्फॉर्म्ड डिलिव्हरीच्या ईमेलमध्ये आज काय येणार ते पाहतात, त्यांना ईडीडीएमचं पत्रक त्यात सहसा दिसत नाही. 'ईमेलमध्ये नव्हतं म्हणजे आलंच नाही' असा फोन आला तर गोंधळू नका.

---

गोळी_आणि_बाटली

फार्मसीच्या पानाबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते.

प्रिस्क्रिप्शनच्या औषधाचा भाव छापता येतो. 1976 मध्ये व्हर्जिनियाच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने फार्मासिस्टांवरची अशी बंदी रद्द केली. पण भाव छापताना औषधाचं नाव, मात्रा, गोळी की द्रव, आणि किंमत एवढंच ठेवा. 'मधुमेहावर गुणकारी' असा एक शब्द जोडला की ती साधी भावसूची राहत नाही आणि औषधाच्या जाहिरातीचे सगळे नियम लागू होतात.

'नवीन प्रिस्क्रिप्शन आमच्याकडे आणा, गिफ्ट कार्ड मिळवा' ही ऑफर सगळ्यात धोक्याची. मेडिकेअर, मेडिकेड किंवा इतर सरकारी योजनेतून पैसे भरले जाणार असतील तर असं बक्षीस केंद्राच्या लाचविरोधी कायद्यात अडकू शकतं. मोठ्या दुकानांच्या कुपनावर बारीक अक्षरात सरकारी योजनेचे लाभार्थी वगळलेले असतात ते याचसाठी. तुमच्या गिऱ्हाइकांत मुलांकडे राहणारे, मेडिकेअर असलेले आजी-आजोबा बरेच असणार. कुपन छापण्याआधी राज्याच्या फार्मसी बोर्डाचा नियम पाहा आणि वकिलाला दाखवा. फ्लूच्या लशीची वेळ आणि जागा, रक्तदाब तपासणीचा दिवस, बिनप्रिस्क्रिप्शनच्या मालावर सूट, एवढ्यावरही पान छान भरतं.

रूटप्रमाणे सरसकट पाठवताय तोवर रुग्णांच्या गोपनीयतेचा प्रश्न नाही. पण फार्मसीच्या संगणकातून 'मेटफॉर्मिन (मधुमेहाचं औषध) घेणारे' अशी यादी काढून त्यांना साखरमुक्त मिठाईचं पत्रक पाठवलं, तर त्याला हिपाखाली (रुग्णांच्या गोपनीयतेच्या कायद्याखाली) प्रत्येकाची लेखी परवानगी लागते.

आणि किराणाच्या पानावरची हळदीची कॅप्सूल, अश्वगंधा, त्रिफळा. ही इथे डाएटरी सप्लिमेंट (आहारपूरक) मानली जातात. 'सांधेदुखी बरी होते', 'साखर कमी होते' असा आजाराचा दावा छापता येत नाही, मग बाटलीवर भारतात काहीही लिहिलेलं असो. पुरवठादाराने पाठवलेला तयार फोटो लावताना तो मोठा करून पाहा. दावा बहुतेक वेळा बाटलीच्या लेबलवर बारीक अक्षरात असतो आणि पूर्ण पानाच्या फोटोत तो ठळक वाचता येतो.